अर्धी रेष

सकाळचे कोवळे ऊन खिडकीतून आत आले, आरशांच्या रांगेवरून सावकाश सरकत गेले आणि ब्रशांच्या पेल्यात विसावले. आज मेकअपच्या वर्गाची परीक्षा होती. वर्गात सर्वांत वयस्क असलेल्या मावशी सुनेच्या पापणीवर लायनर ओढता ओढता अर्ध्यावर थांबल्या आणि सवयीने त्यांनी ब्रश शिकवणाऱ्या तरुणापुढे धरला.

“आज मला हात लावता येणार नाही, मावशी,” तो पुटपुटला.

“मग पुढचं कसं काढू, सर? रोज तर तुम्हीच पुरं करता!”

“आई, काढा काहीतरी, डोळे मिटून झोप लागेल मला,” सून म्हणाली.

रेष भुवईकडे भरकटली. परीक्षक बाईंनी ‘नापास’ लिहिले.

मावशींचा हातच जड आहे, असे तो तीन महिने सांगत आला होता. त्याने त्यांना एकही रेष पुरी करू दिली नव्हती.