माझ्या दारातली वजाबाकी

मित्रांनो, मी एक जुना पिकअप आहे. खराडीत एका उंच काचेच्या इमारतीच्या कुंपणामागे, पत्र्याच्या शेडमध्ये मी उभा असतो. डाव्या बाजूचा चेपलेला दरवाजा ही माझी खूण. लोक तो पाहून हळहळतात. मला मात्र तो लपवावासा वाटत नाही. तो कसा चेपला, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

नव्वदचे दशक संपत आले असताना मी कारखान्यातून बाहेर पडलो. चालकाच्या दाराच्या चौकटीत एक छोटी प्लेट ठोकलेली होती. रिकामे वजन सोळाशे किलो, माल भरून एकूण वजन सव्वीसशे. एकातून दुसरे वजा केले की उरतात हजार किलो. तेवढेच मी वाहायचे, आणि आत बसलेली माणसेही त्यातच मोजायची. पण मला बघायला आलेल्यांनी रंग पाहिला, हॉर्न वाजवला, टायरवर लाथ मारून पाहिली. वजाबाकी कोणीच केली नाही.

मला हिंदुरावांनी घेतले. त्यांच्या ज्वारीच्या रानात तेव्हा कॉम्प्युटरची ऑफिसे उभी राहत होती. या ऑफिसांना वीज गेलेली चालत नसे. हिंदुरावांनी हे बरोबर हेरले आणि जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा सुरू केला. केबल, बॅटऱ्या, डिझेलची पिंपे, सगळे मी वाहिले. "गाडी न्हाई, बैल हाय माझा!" असे ते चारचौघांत म्हणत. खोटे कशाला बोलू, ते ऐकून मी फुलून जाई.

खंडेनवमीला त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई मला झेंडूचा हार घालत. कंपनीचे नाव आहे म्हणून त्या प्लेटलाही हळदकुंकू वाहत. दर वर्षी एक थर चढे. चौथ्या वर्षी प्लेटवरचे आकडे पार दिसेनासे झाले. माझी पूजा मनापासून होत होती, वाचन मात्र कधीच झाले नाही.

माल वाढत गेला तसा मी मागून बसू लागलो. हिंदुराव मला हडपसरला यज्ञेश्वर मिस्त्रींकडे घेऊन गेले. "स्प्रिंगला दोन पाटे वाढवा," ते म्हणाले.

मिस्त्रींनी वर न बघताच उत्तर दिले, "वाढवतो. ब्रेक मात्र वाढवून मिळत नाहीत आमच्याकडे."

हिंदुराव हसले. पाटे बसले, आणि भरल्या गाडीतही माझी पाठ ताठ दिसू लागली. माझी ताकद वाढली असे सगळ्यांना वाटले. खरे तर माझे बसणे तेवढे थांबले होते. एक्सल, टायर, ब्रेक होते तेच होते. मग हिंदुरावांनी मागे एक हूकही वेल्डिंग करून घेतला. किती वजन ओढायचे, हा आकडा तर माझ्या प्लेटवर नव्हताच.

त्या वर्षी सासवडहून एक मोठा जनरेटर आणायचा होता. तो चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला होता. सोबत हिंदुरावांची मुलगी अपेक्षा होती. ती बारावीला होती. माल भरून होईपर्यंत तिने ओल्या फडक्याने ती प्लेट घासून काढली आणि आकडे वाचले.

"आबा, केबल आणि बॅटऱ्या मिळून नऊशे किलो झाले. आपण दोघं दीडशे. आधीच पन्नास जास्त आहेत. शिवाय ही ट्रॉली!"

"आगं, ट्रॉलीला तिची चाकं हायती की! तिचं वजन ती पेलती. आपन नुसतं वढायचं."

"तिचा पुढचा भार हुकावर येतो, आबा. आणि तिला ब्रेक कुठे आहेत?"

"कंपनीवाले भिऊन कमी लिव्हत्यात. बस तू."

ती बसली. माझे तोंड वर उचलले गेले होते आणि स्टिअरिंग हलके झाले होते. मित्रांनो, आम्हा गाड्यांची बोली ती एवढीच. हिंदुरावांना ती ऐकू आली नाही.

दिवेघाट लागला. चढावर मी ट्रॉलीला ओढले होते. उतारावर तीच मला ढकलू लागली. दुसऱ्या वळणावर जळका वास आला. तिसऱ्या वळणावर ब्रेकचा पाय खोल खोल जाऊ लागला. एका अंगाला दरी होती. अपेक्षाने डोळे मिटून डॅशबोर्ड गच्च धरला. हिंदुरावांनी मला डोंगराच्या अंगाला घातले. डावा दरवाजा खडकावर घासत गेला, हूक तुटला, ट्रॉली कलंडली आणि मी थांबलो.

हिंदुरावांना खरचटलेदेखील नाही. अपेक्षाचे डावे कोपर मात्र चुरले होते. ऑपरेशने झाली, पण तो हात पुन्हा सरळ झाला नाही. बैल म्हटल्यावर फुलून जाणारा मी त्या दिवसापासून मनातून खाली बसलो. आजही ते कोपर दिसले की मला लाज वाटते.

मला दुरुस्त केले. हिंदुरावांनी वाढवलेले पाटे काढायला लावले. हुकाचा उरलेला तुकडाही उतरवला. दरवाजा मात्र बदलू दिला नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. तेव्हा ती किती वाहील, किती ओढील, हे दोन वेगळे प्रश्न नक्की विचारा. आणि भरल्यावर ती थांबेल का, हे सगळ्यांत आधी विचारा. आम्हाला ‘नाही’ म्हणता येत नाही. आमच्या वतीने तो प्लेटवरचा आकडा ‘नाही’ म्हणत असतो.

अपेक्षा आता हिंजवडीला नोकरी करते. खंडेनवमीला न चुकता घरी येते. तिच्या हाताला तबक पेलत नाही, म्हणून ते हिंदुराव धरतात. माझ्या बॉनेटला हळदकुंकू लागते, चाकांना लागते. मग हिंदुराव दाराजवळ येतात आणि धोतराच्या सोग्याने प्लेट पुसतात.

"वाच गं," ते म्हणतात.

"वाहायला हजार."

"आन् वढायला?"

"काही लिहिलेलं नाही, आबा."

"मंजी वढायचं न्हाई," हिंदुराव म्हणतात, आणि तिच्या वाकड्या कोपरावरून हळूच हात फिरवतात.