अंदाजावर उमटलेला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. लाकडी मूठ, खाली गोल रबर आणि त्यावर उलट्या अक्षरांत नाव: डॉक्टर लिओंतिना वर्झारू. याश शहरातल्या कारागिराने मला कोरून तिच्या हाती दिले, तेव्हा ती तरुण मुलगी दुकानातच हसली होती. मग ती मला घेऊन मोल्दोविया प्रांतातल्या, डोंगराकडच्या एका गावात आली. माझ्याशिवाय तिच्या कागदाला किंमत नसे. शिक्का बसला की अर्धा आजार गेला, असे गावातल्या बायका म्हणत. मला त्याचा गर्व वाटे. म्हणूनच पुढचे सांगताना मला शरमेने बोलवत नाही.

बालवाडीत मुलांचा स्वयंपाक करणारी झांफिरामावशी ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत दवाखान्यात आली. तिच्या गळ्याला अक्रोडाएवढी गाठ होती. दुखत नव्हती, पण सारा हिवाळा तिने ती रुमालाखाली लपवली होती.

डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली. कागदावर प्रत्येक आजाराचा एक ठरलेला संकेतांक लिहावा लागतो. गळ्याला गाठ आहे, पण ती कशाची ते कळलेले नाही, यालाही संकेतांक आहे. बाईंना तो तोंडपाठ होता. पण मोठ्या इस्पितळात फोन केला, तर अशा गाठीचा नंबर उन्हाळ्यात लागेल असे कळले. क्षयाची गाठ असेल तर याच आठवड्यात पाठवा, म्हणाले. बाईंनी क्षयाच्या गाठीचा संकेतांक लिहिला.

"काय लिहिलंत?" मावशीने विचारले.

"तुमचं काम लवकर व्हावं म्हणून लिहिलंय, मावशी. काळजी करू नका."

मी शाईत बुडालो आणि कागदावर उमटलो. मग मावशीच्या रजेच्या कागदावरही.

रजेचा कागद बालवाडी चालवणाऱ्या गावच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने संकेतांकाचा अर्थ मोबाइलवर शोधला आणि घरी जाऊन बायकोला सांगितला. दोन दिवसांत बालवाडी ओस पडली. स्वयंपाकघराला चुना फासला गेला. मावशीचा एप्रन आणि तिचे लाकडी डाव कुणीतरी अंगणात जाळले.

ईस्टरच्या सकाळी चर्चच्या आवारात लोक सणाच्या रीतीप्रमाणे लाल रंगवलेली अंडी एकमेकांच्या अंड्यांवर आपटत होते. मी बाईंच्या पर्समध्ये होतो. मावशी हातात दोन अंडी धरून उभी राहिली, पण तिच्यापुढे कुणीच आपले अंडे केले नाही. शेवटी तिने स्वतःचीच दोन अंडी एकमेकांवर आपटली आणि ती घरी गेली. बाईंनी हे पाहिले.

इस्पितळातून निकाल आला. क्षय नव्हताच. जन्मापासूनची, पाण्याने भरलेली साधी गाठ होती ती, आणि डॉक्टरांनी ती काढूनही टाकली. बाईंनी संकेतांक बदलला, मला नव्या कागदावर उमटवले आणि तो कागद घेऊन त्या मावशीच्या दारात गेल्या. चुकलं माझं, एवढेच कसेबसे बोलल्या.

मावशीने त्यांना बसायला खुर्ची दिली. "गळ्याला गाठ होती, डॉक्टरीणबाई. तेवढंच लिहायचं होतंत. मी थांबले असते."

दुसऱ्या दिवशी बाई बालवाडीत पालकांसमोर उभ्या राहिल्या. "मावशींना क्षय कधीच नव्हता. मला कळलं नव्हतं आणि कळल्यासारखं मी लिहिलं. लाज मला वाटायला हवी, त्यांना नाही."

मागून एका बापाने विचारले, "मग आमच्या कागदांवर काय काय लिहून ठेवलंय तुम्ही?"

कोटाच्या खिशात बाईंनी मला घट्ट धरले होते. माझ्यावरची शाई त्यांच्या तळहाताला लागली.

मुले हळूहळू परतली, मावशीही परतली. बालवाडीत पुन्हा बोर्शचे आंबट सूप शिजू लागले. पण गुडघा दुखला की मावशी आता बस पकडून पलीकडच्या गावच्या डॉक्टरकडे जाते. थांब्यावर बाई दिसल्या, तर मान हलवून विचारपूस करते. रागाने बोलली असती तर बरे झाले असते, असे मला वाटते.

मित्रांनो, मी कुणाला अडवू शकत नाही, फक्त उमटतो. जिथे दाबाल तिथे तुमच्या नावाने उमटतो. उद्या तुमच्याही हाती असा एखादा शिक्का येईल. माहीत नसेल तेव्हा 'माहीत नाही' असे लिहा आणि मग मला खुशाल दाबा.