खोडरबर

"हे काय, पुसलंस?" लोरेटाने विचारलं.

कार्डं विकणारा डुएन खुशीत होता. "तुमच्यासाठीच. सकाळपासून हळूहळू घासत बसलोय. आता बघा कार्ड, आत्ताच पाकिटातून निघाल्यासारखं दिसतंय!"

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा बेसबॉल खेळाडूंचे फोटो छापलेल्या जुन्या कार्डांचा बाजार भरतो. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली लोरेटा तिथे कित्येक वर्षं येते. बाकीचे कार्डांचे कोपरे दुमडलेत का ते तपासतात. ती पेन्सिलीच्या खुणा शोधते. खेळाडू दुसऱ्या संघात गेला की तिचा भाऊ टेडी कार्डावरचं जुन्या संघाचं नाव खोडून पेन्सिलीने नवं लिहायचा. तेव्हा बरीच पोरं लिहायची. टेडी मात्र इतकं दाबून लिहायचा, की टोक मोडायचं. मग चघळत असलेला गम गालात सरकवून म्हणायचा, "लोरी, चाकू आण."

टेडी व्हिएतनामच्या युद्धावर गेला, आईने कार्डांचा खोका चर्चच्या विक्रीत देऊन टाकला. टेडी परत आला नाही.

आज सकाळी त्या खोक्यातलं एक कार्ड डुएनच्या टेबलावर होतं. क्लीव्हलंड खोडलेलं, खाली डेट्रॉइट. अक्षर टेडीचं. नेमकं पैशांचं पाकीट घरी राहिलं होतं. "बाजूला ठेव, आलेच," एवढंच ती म्हणाली, तेही भलतीकडे बघत. हौस दिसली की भाव चढतो, हे या बाजारात सगळ्यांना ठाऊक असतं.

"माझ्या भावाचं अक्षर होतं ते," ती आता म्हणाली.

डुएनचा हात खोडरबरावरच राहिला. "अहो, मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर भाव वाढवला असतास."

"वाढवला असता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण पुसलं नसतं."

पैसे घ्यायला तो तयार नव्हता. तिने ते टेबलावर ठेवले. कार्ड ठेवायला त्याने पुढे केलेली प्लास्टिकची डबी मात्र घेतली नाही.

गाडीत बसून तिने कार्ड उन्हात तिरकं धरलं. हॉलमधला गलका दूर, पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. गुळगुळीत कागदावर बारीक चरे उमटले आणि एकेक अक्षर वर आलं. डेट्रॉइट. शेवटच्या अक्षरापाशी, टोक मोडलं तिथे, लहानसा खळगा.

तेवढ्यात ढग आला आणि कागद पुन्हा कोरा झाला.

तिने गाडी सुरू केली नाही. कार्ड तसंच तिरकं धरून ती ऊन येण्याची वाट बघत बसली.