मोनिका मावशीची हाउजीची पिशवी

शिवदास सरांनी सांगितलं, एक ते नव्वदमधले आकडे न बघता काढा आणि कॉम्प्युटरमधल्या जागांच्या रांगेत भरा. निघालेला आकडा पुन्हा निघाला की थांबा. प्रोग्राम सोमवारी कार्डांवर पंच करून हवा. साकीनाक्याच्या कॉम्प्युटर क्लासात आम्ही पाच जण, नोकरी एकच; ज्याचा प्रोग्राम चालेल, त्याची. मला ती हवीच होती. नाहीतर पापांनी मला बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला पाठवायचं ठरवून टाकलं होतं.

रविवारी जेवणं झाल्यावर मी मोनिका मावशीला हाउजीची पिशवी घेऊन बसवलं. मरोळ गावातल्या प्रत्येक लग्नात हाउजी, म्हणजे तांबोला, असतो आणि पिशवीतून एक ते नव्वदच्या सोंगट्या काढून आकडे तीच पुकारते.

“सतरा!” मावशी ओरडली आणि सोंगटी स्टुलावर ठेवली. स्टूल भरलं तशा मी सगळ्या सोंगट्या उचलून चहाच्या टेबलावर मांडल्या. तेही भरलं, मग जेवणाच्या टेबलावर. साठ झाले, सत्तर झाले, एक आकडा दुबार येईल तर शपथ! मी आनंदाने नाचत होते. पापा झोपेतून उठून बघायला आले. नव्वदावी सोंगटी निघाली आणि मावशीने रिकामी पिशवी झटकली.

“आता गं?”

“वाट लागली! मावशी, काढलेली सोंगटी परत टाकायची होती ना!”

“पुकारलेला आकडा परत पिशवीत? तीस वर्षांत असली लबाडी नाही केली मी!”

हसून हसून आमची पोटं दुखली. शेवटी मावशी कशीबशी तयार झाली, तर सहाव्याच खेपेला सतरा पुन्हा हजर. सहा जागांत काम भागलं असतं. पण ते स्टूल आणि ती दोन टेबलं डोक्यातून जाईनात. मी प्रोग्राममध्ये तेच लिहिलं: रांग भरली की दुप्पट मोठी घ्यायची, जुने आकडे तिच्यात मांडायचे, पुढे चालू.

सोमवारी सरांनी आमचे आकडे बाजूला ठेवले आणि सगळ्यांना त्यांनी पंच केलेल्या कार्डांचा एकच गठ्ठा दिला. त्यात एक ते हजारमधले आकडे होते, आणि पहिला दुबार आकडा एकाहत्तरावा. बाकी चौघांनी रांगेत वीस-पंचवीसच जागा धरल्या होत्या. त्यांचे प्रोग्राम मध्येच बंद पडले. माझा पार शेवटपर्यंत गेला!

“एथेल, हे तर मी शिकवलंच नव्हतं,” सर म्हणाले.

नोकरीचं पत्र घेऊन मी धावतच घरात शिरले. “फुल हाउस!” हाउजी जिंकल्यासारखी मी ओरडले.

पापा खुर्चीतून उठले. मावशीने मात्र चष्मा लावला. “आण इकडे. तपासल्याशिवाय मी कुणाला बक्षीस देत नाही.”

तिने ओळीवर बोट ठेवून पत्र पूर्ण वाचलं. मग दारात जाऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं पुकारलं, “एथेल!”