किनलोरीचं गाऱ्हाणं

सातचा व्हिडिओ कॉल, आणि ह्यांनी सहालाच टोपी घालून ठेवली.

आमची प्रांजल स्कॉटलंडमधल्या किनलोरी नावाच्या चिमुकल्या गावात चहा-केकचं दुकान चालवते. तिथल्या हॉलमध्ये आज गावाच्या इतिहासाचा कार्यक्रम होता. आमच्या कोकणात गाव जमलं की आधी जाणता माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो, बाकीचे वाक्यावाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात, असं ही तिथे बोलून बसली. गोऱ्यांना ते भलतंच आवडलं. झालं, गाऱ्हाणं घालायला आमचे जयवंतराव बोरिवलीत बसून किनलोरीचे गावकर!

दुकानाची जागा मिसेस ऑगिल्वींची. करार संपत आलेला, आणि नवा करणार की नाही, बाई काही बोलत नव्हत्या. त्यांच्याच खापरपणज्याने मेंढ्यांना कुरण हवं म्हणून कुळांची घरं पाडली, माणसं बोटीत घालून परदेशी धाडली. ह्यांनी ते मोबाईलवर वाचलेलं. गावात मात्र त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

"बाबा, मेंढ्यांचं नको हां, प्लीज," प्रांजलने बजावलं होतं.

"गाव सोडून गेल्यांची आठवण काढल्याबिगर गाऱ्हाणा पुरा होणा नाय," हे म्हणाले.

"तिचं दुकान उठलं की होईल ना पुरं!" मी ओरडले. ह्यांनी टोपी सारखी केली. हट्टी माणूस, काय बोलणार!

कॉल लागला. टीव्हीवर हॉल दिसला. पुढच्याच खुर्चीत काठी घेऊन मिसेस ऑगिल्वी. प्रांजल माईकपाशी, इंग्रजीत सांगायला.

"बा देवा म्हाराजा, ह्या किनलोरी गावात आज जी लेकरां जमली हत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

प्रांजलने सांगितलं. "व्हय म्हाराजा!" हॉल हसत हसत ओरडला. चर्चची आठवण झाली, बंद पडलेल्या शाळेची झाली, लढाईत गेलेल्या पोरांची झाली. मला वाटलं, सुटलो.

"आणि मेंढरांसाठी ज्यांची घरां पाडली, जे रडत बोटीत चढले, तेंचो शाप ह्या गावाक लागू देव नको रे म्हाराजा!"

मी मनात म्हणत होते, खोटं सांग गं, काहीही सांग. पण बापाचीच लेक ती. खालमानेने तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं.

हॉलमध्ये कोणी हूं की चूं केलं नाही. सगळे बाईंच्या पाठीकडे बघत होते.

होकार आल्याशिवाय पुढचं वाक्य घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. हे हात जोडून थांबले. मी त्यांची बाही ओढली, "अहो, सोडा ना." हलले नाहीत. उलट तेच वाक्य पुन्हा म्हणाले, आवाज चढवून. मला रडू फुटायचं बाकी होतं.

मिसेस ऑगिल्वी काठीवर भार देऊन उठल्या. आता जातात, असंच वाटलं मला. त्या प्रांजलजवळ गेल्या, काहीतरी पुटपुटल्या.

"बाबा," प्रांजल म्हणाली, "त्या म्हणतायत, नुसतं 'ज्यांची' नको. नावं घ्या."

"माका खंय ठाऊक नावां?"

बाई माईकपाशी सरकल्या आणि पाडलेल्या एकेका घरातल्या माणसांची नावं सांगू लागल्या. हातात कागद नव्हता. सगळी तोंडपाठ. हे अडखळत एकेक नाव देवाला सांगत गेले, आणि दरवेळी सगळ्यांत आधी बाईच म्हणत होत्या, "व्हय म्हाराजा."