गाण्यातली मोकळी जागा

“तिथं नाव घ्यायचं नाही. तिथं नुसती तार वाजू द्यायची.”

वडील असं म्हणायचे तेव्हा त्यांचा अंगठा बँजोच्या आखूड तारेवर असायचा. खाणीतून आल्यावर हातपाय धुऊन ते ओसरीवर बसत आणि मी नि माझा भाऊ हॉबर्ट त्यांच्या पायाशी. चाल चुकली तर ते हसायचे, शब्द चुकला तर दुरुस्त करून पुढं जायचे. ताकीद दिली ती एवढी एकच, आणि तीही रूथीच्या गाण्यापुरती.

केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या लॉरेल फोर्कच्या खोऱ्यात ते गाणं न येणारं माणूस मिळायचं नाही. गिरणीमागच्या डोहात रूथी नावाच्या मुलीला बुडवलं, त्याचं ते गाणं.

गिरणीमागं काळं पाणी, रूथी गेली काठानं,
हात धरून तिला कुणी नेलं…

इथं शब्द संपतात. काही ठोके नुसता बँजो वाजतो आणि मग पुढचं कडवं सुरू होतं.

त्या ठोक्यांमध्ये कुणाचं नाव बसतं, हे सांगायची गरज नव्हती. एझ्रा टॅकेट. त्यानं तुरुंग भोगला, परत आला, ओढ्याच्या थंड पाण्यात बाप्तिस्मा घेतला आणि म्हातारा होऊन मरेपर्यंत आमच्यातच राहिला. माझ्या लहानपणी तो गाण्याच्या बैठकीला यायचा, मागच्या बाकावर बसायचा. ती जागा आली की टोपी काढायचा, बँजो पुढं सरकला की परत घालायचा. त्याच्याकडे कुणी बघत नसे. म्हणजे सगळेच बघत असत.

त्याची नात झेल्मा माझी शेजारीण. तिच्या घराचा धूर माझ्या खिडकीतून दिसतो.

आता यंदाच्या वसंतातली गोष्ट सांगते. हॉबर्टची मुलगी डार्सी नॅशव्हिलहून चार दिवस आली होती. गाण्यांच्या धंद्याचं शहर ते; ती तिथं गाते. पोरगी गोड आहे, आवाज तर आमच्या आईचाच घेतलाय. स्वयंपाकघरात बसून मक्याची भाकरी ताकात कुस्करत तिनं मला फोनवर आपलं गाणं ऐकवलं.

“हे मागं दार कोण आपटतंय?” मी विचारलं.

“आत्या! तो ड्रम आहे.”

“बरं. आणि हा ट्रक कुणाचा?”

“कुणाचाच नाही. गाण्यातला आहे.”

“तुला तर ट्रकमध्ये बसलं की उलटी होते.”

“म्हणून तर मी त्यात बसत नाही, गाते फक्त.” ती हसली. “तुला नाहीच आवडलं ना? खरं सांग, चर्चला जाणारी बाई आहेस, खोटं बोलशील तर पाप लागेल.”

मग मी खरं सांगितलं. आणि इथंच माझं चुकलं असं मला वाटतं, कारण मी नुसतं खरं सांगून थांबले नाही. मी बोलतच गेले. मी म्हटलं, तुमच्या गाण्यांत एक ट्रक, एक नदी, एक जीन्स घातलेली मुलगी. नदीला नाव नाही, मुलीला नाव नाही. ती केंटकीतली की कुठली, काही पत्ता नाही. सगळ्यांना चालावं म्हणून कुणाचंच नसलेलं गाणं. आमच्या गाण्यांत माणसं खरी होती. मेली तर खरी मेली. गाणारा आपला चेहराही हलवायचा नाही, कारण गाणं त्याचं नव्हतं, त्या माणसांचं होतं.

एरवी मी हळू आणि थोडं बोलणारी. पण त्या दिवशी मला बोलण्याची चव लागली होती.

डार्सीनं चमचा खाली ठेवला. “मग रूथीच्या गाण्यात नाव का नाही? तिथं तर तुम्ही टुणटुण करून पुढं जाता. आम्हा पोरांना वाटायचं, आजोबा ओळ विसरले.”

“विसरले नव्हते.”

“मग काय होतं तिथं?”

मी सांगितलं. नाव सांगितलं, डोह सांगितला, टोपीचंही सांगितलं. पोरगी ऐकत होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि मला वाटलं, चला, नॅशव्हिलच्या तावडीतून एक गाणं तरी सोडवलं. ‘हे गाऊ नकोस’ असं मी तिला म्हटलं नाही. मला वाटलं, ते सांगावं लागत नाही. आमच्याकडे ते कुणालाच सांगावं लागत नाही. पण वडिलांना तर आम्हाला लहानपणी सांगावं लागलं होतं. हे माझ्या लक्षात आलं नाही.

डार्सीनं रूथीचं गाणं केलं. चांगल्या मनानं केलं, हे मी देवापुढंही सांगेन. आत्या म्हणते खरी माणसं हवीत, तर घे खरी माणसं. स्टुडिओतल्या लोकांना मधली मोकळी जागा खटकली; ऐकणारे तिथं पुढच्या गाण्यावर जातील म्हणाले. म्हणून त्या जागेत नाव आलं. एकदा नाही, दोनदा, टाळ्यांवर. एझ्रा टॅकेट, एझ्रा टॅकेट! बाकीचं गाणं कुणाला येवो न येवो, तेवढं सगळ्यांना यायला लागलं.

मी ते पहिल्यांदा वाणसामानाच्या दुकानात ऐकलं. गल्ल्यावरची मुलगी पिशवीत पीठ भरता भरता गुणगुणत होती. माझ्या हातातली अंडी मी परत ठेवली आणि तशीच घरी आले.

माझा नेम असा आहे की पहाटे उठून एक स्तोत्र वाचायचं आणि मग गुडघ्यांवर बसून खोऱ्यातल्या घराघरातल्या माणसांचं नाव देवापुढे घ्यायचं. लग्न झालं तेव्हापासून एकही सकाळ चुकलेली नाही, आजारपणातसुद्धा. पण त्यानंतर झेल्माचं नाव आलं की माझी जीभ अडायची. टॅकेट म्हणताना कानात टाळ्या वाजायच्या. मी तेवढं नाव मनात म्हणून पुढं जायला लागले. आपल्या प्रार्थनेतही मी पळवाट काढली, याची लाज वाटायची आणि तरी तसंच करायचे.

पाय धुण्याचा रविवार आला. आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा बायका बायकांचे आणि पुरुष पुरुषांचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. मी आणि झेल्मा कायम जोडीनं. ती माझे घोटे चोळताना दर वर्षी म्हणायची, “लुएला, अगं कोंबडीचे पाय बरे.” त्या रविवारी मी कमरेला पंचा बांधून घमेल्याजवळ उभी राहिले आणि झेल्मा आलीच नाही. पाळकांच्या बायकोनं माझे पाय धुतले. फार प्रेमानं धुतले. मला ते पाणी सोसवेना.

दुसऱ्या दिवशी मी झेल्माकडे गेले. ती ओसरीवर शेंगांच्या शिरा काढत बसली होती.

“या, गाणेवाले,” ती म्हणाली. “उभी का? बस. तुमच्या घराण्याला आता उभं ठेवून चालायचं नाही.”

मी पायरीवर बसले आणि मूठभर शेंगा मांडीवर घेतल्या. तिनं घेऊ दिल्या.

“तुझ्या भाचीचा आवाज छान आहे हं. आमचं आडनाव इतक्या गोड गळ्यातून आजवर कुणी काढलं नव्हतं. शाळेच्या मैदानावर पोरं नाचतात म्हणे त्यावर.”

“झेल्मा, नाव तिला मी सांगितलं.”

“तूच सांगितलं असणार. हॉबर्ट तर गेला, कबरीतून थोडाच सांगेल?”

“मला वाटलं, तिला जुन्या गाण्याची किंमत कळेल. आमच्या काळी ती जागा आम्ही मोकळी ठेवायचो, तुमच्या मानासाठी. या नव्या लोकांना कशाचीच चाड…”

“थांब.” झेल्मानं शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं. “मानाचं मला सांगू नकोस, लुएला. तुमचं जुनं गाणं काही फार सोवळं नव्हतं. तुझे वडील तिथं शब्द सोडायचे, आणि मग काय व्हायचं? सगळी मंडळी गप्प. मी आजोबांच्या शेजारी, माझा भाऊ त्यांच्या मांडीवर. आणि त्या शांततेत नाव घ्यायचं कुणी? आम्हीच. मनात. दर वेळी. तुम्ही हात स्वच्छ ठेवायचात आणि आमच्याकडून म्हणवून घ्यायचात. या पोरीनं निदान स्वतःच्या तोंडानं म्हटलं.”

 एवढी वर्षं जी गोष्ट मी आमच्या सभ्यपणाची खूण म्हणून जपली, ती त्यांच्या मागच्या बाकावरून अशी दिसत होती. आणि मी कधी विचारलंही नव्हतं. तिचे पाय धुतले, पण विचारलं नाही.

“माझा भाऊ आठवतो?” ती म्हणाली.

“छोटा एझ्रा.”

आजोबांचंच नाव त्याला ठेवलं होतं. म्हाताऱ्यानं बाप्तिस्मा घेतल्यावर त्याला आनंद व्हावा म्हणून.

“गाणं त्या जागी आलं की लोक आजोबांकडे बघायचे. आजोबा गेल्यावर त्याच्याकडे बघायला लागले. तरुण पोरगा. त्यानं काय केलं होतं? एके दिवशी उठला आणि ओहायोला कारखान्यात गेला. सगळं आयुष्य तिकडं काढलं. आता म्हातारपणी मीच त्याला बोलावलं, डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवलं. म्हटलं, ये रे, आता ती गाणी कोण म्हणतंय?”

ती हसली, पण ते हसू ऐकवत नव्हतं.

“त्यानं ऐकलं का?”

“नाही. देवाची दया म्हण, त्याच्या कानातलं यंत्र बिघडलंय. दुरुस्तीला गेलंय. त्याच्या खोलीत रेडिओ दिवसभर चालू असतो आणि तो बापडा मान डोलावत बसतो. शुक्रवारी सकाळी यंत्र येणार.”

मी शेंगा मोडत राहिले. शीर कुठली आणि शेंग कुठली, कळेना.

“मी डार्सीला फोन करते. काढून टाकायला सांगते.”

“केला असशीलच.”

केला होता. डार्सी फोनवर हमसून रडली होती. “आत्या, मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, आता हातात नाही. आणि लोक तेवढंच तर गातात.” मग म्हणाली, “मी येते, मी पाया पडते त्यांच्या.” मी तिला थांबवलं. आधी माझी पाळी होती.

हे सगळं मी झेल्माला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“मला माफी नको,” ती म्हणाली. “माफी मी केलीय असंही समजू नकोस. माझं एक काम कर. शुक्रवारी तू त्याच्याकडे जा. यंत्र कानात बसवलं की पहिला आवाज तुझा असू दे. रेडिओचा नको, नर्सचा नको. काय झालं, कुणी केलं, सगळं तू सांग. त्या मोकळ्या जागेचंही सांग. मला ते सांगवणार नाही, मी बहीण आहे त्याची.”

“तो मला हाकलून देईल.”

“देईलही.”

“मी हळू बोलते, झेल्मा. सगळे म्हणतात, ऐकू येत नाही.”

“मग ओरड. खोलीत दुसरा म्हातारा आहे, तोही ऐकेल. ऐकू दे.”

मी म्हटलं, जाईन. तिनं मान हलवली आणि माझ्या मांडीवरच्या शेंगा परत आपल्या भांड्यात घेतल्या. “तू शिरा नीट काढत नाहीस,” म्हणाली.

मधल्या दिवसांत मी काय बोलायचं ते चुलीपुढे उभी राहून म्हणून बघितलं. ‘एझ्रा, मी लुएला, बँजोवाल्यांची.’ एवढं झालं की परत पहिल्यापासून सुरू करायचे. त्याचं नाव घेतल्याशिवाय सुरुवात कशी करायची, आणि नाव घेऊन तरी कशी करायची? एक वेळ तर असंही मनात आलं की गाडीचं काही बिघडावं. तेवढ्यासाठीही मी देवाजवळ क्षमा मागितली.

शुक्रवारी उजाडायच्या आधी उठले. स्तोत्र वाचलं. गुडघ्यांवर बसून ओढ्याच्या तोंडापासून एकेक घर घेत वर आले. झेल्मा टॅकेटचं नाव मोठ्यानं घेतलं. मग थांबले, आणि डोंगरापलीकडच्या त्या खोलीतल्या माणसाचं घेतलं. ते मी आजवर कधीच घेतलं नव्हतं. तो खोऱ्यात राहत नव्हता ना.

काही न खाता निघाले. बाहेर धुकं होतं, गाडीची काच हातानंच पुसली. झेल्माच्या ओसरीवर दिवा लागलेला होता आणि ती शाल गुंडाळून उभी होती. तिनं हात केला नाही, मीही केला नाही. गाडी हळूच ओढ्याच्या पुलावर घातली आणि डोंगराच्या रस्त्याला लागले. यंत्र घेऊन येणारा माणूस नऊला येतो, असं वृद्धाश्रमातले म्हणाले होते. त्याच्या आधी पोचायचं होतं.