सहा एकरांची पाठ

"साहेब, हा मनोरा तुम्ही उलट्या बाजूला बांधलात!"

फुलं बघण्यासाठी बांधलेल्या नव्या मनोऱ्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून ती ओरडली, तशी खाली फीत कापायला सरसावलेली तालुक्याच्या साहेबांची कात्री हवेतच राहिली. समोर तिचं सहा एकर सूर्यफूल ऐन भरात होतं आणि एकूण एक फूल मनोऱ्याकडे पाठ करून उभं होतं. नुसत्या हिरव्या माना.

"जागा दाखवली तेव्हा तुम्हीच हो म्हणालात ना, वहिनी?" साहेब खालून म्हणाले. "तेव्हा फुलं इकडेच बघत होती."

"तेव्हा कळ्या होत्या! संध्याकाळ होती, उन्हामागे वळल्या होत्या. फुलल्यावर तोंड कायमचं उगवतीला. आणि मी काय, बस थांबणार म्हटल्यावर विहिरीत बांधा म्हणाले असते!"

हसण्याची लाट उठली. पण खोटं नव्हतं ते. रस्त्यावरून फुलांच्या पाठी बघतच अख्खं गाव म्हातारं झालं होतं. त्यात काही वावगं आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खुपायची ती बस; रोज धूळ उडवत, न थांबता निघून जायची. म्हणून तिची लेक कॉलेजसाठी शहरात मावशीकडे राहायची, बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायची आणि फोनवर "मी मजेत आहे" म्हणायची. लेकीला घरून ये-जा करता यावी म्हणून हिला थांबा हवा होता. शहरातून फुलं बघायला आणलेले पाहुणे खूश झाले तर थांबा देऊ, असा साहेबांचा शब्द होता.

पाहुणे तर जांभया द्यायला लागले होते.

"वहिनी, तळ्यावर नेऊ का यांना?" गिरणीवाल्या दिराने हळूच विचारलं. "बदकं आहेत."

"बदकं कुठेही असतात, भावोजी!"

ती धडाधड पायऱ्या उतरली, बाह्या सरसावल्या आणि थेट उभ्या पिकात घुसली. दोन्ही हातांनी सूर्यफुलाची उभी ताटं मोडत, पायाखाली घालत ओरडली, "या! सगळे या! माझ्या मागून या!"

"अहो, पीक मोडतंय!"

"मोडू दे!"

लोक निघाले. आधी पोरं, मग त्यांना धरायला आया, मग सगळेच. पलीकडच्या बांधावर पोचून मागे वळले, तर सगळी फुलं त्यांच्याकडेच तोंड करून. पिवळा डोंबच उसळला होता. कुणीतरी शीळ घातली आणि मग जो कल्ला उठला! एका आजोबांनी टोपी काढून हातात धरली. दीर तर जणू स्वतःच फुलं रंगवून आल्यासारखा प्रत्येकाला सांगत सुटला, "आमच्या वहिनीचं रान! आमच्या वहिनीचं!" चहावाल्याची किटली चार वेळा रिकामी झाली.

जाताना साहेबांनी भोंगा हातात घेतला. "फुलं असेपर्यंत बस इथे रोज थांबेल!"

टाळ्या "थांबेल"ला पडल्या. आधीचं "फुलं असेपर्यंत" तेव्हा कुणी उचललंच नाही.

दुसऱ्या सोमवारी लेक गादीची वळकटी आणि ट्रंक घेऊन बसमधून उतरली. न्हाव्याने अर्धी दाढी तशीच ठेवून ट्रंक उचलली. गिऱ्हाईक साबणासकट पाहायला आलं.

मग पाकळ्या गळाल्या. दाणे भरले, माना खाली आल्या. दिराने विळ्यांना धार लावली.

"वहिनी, कधी घालायचा विळा?"

"बघू."

आठवडाभराने त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "बघू म्हटलं ना." पोपटांचे थवे उतरत होते. ती बांधावर उभी राहून बघायची, एकदाही हाकलत नव्हती.

मग एक दिवस साहेबांची जीप आली ती सकाळीच. त्यांनी रानाकडे नजर टाकली, ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. ती रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"साहेब, पोरगी रात्री घरी झोपते माझी. दाणे पोपट खातायत. तरी ठेवलीत मी फुलं, फुलं असेपर्यंत बस म्हणालात म्हणून. वाळली, काळी पडली, पण ताटावर आहेत ना अजून? आता तुम्हीच सांगा, कापू की नको?"

साहेब काच वर करायला लागले. तिने काचेवर पंजा ठेवला.

"आत्ता सांगा."